कोंबड्यांचा फीडर लहानच हवा, आणि तो रानात नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मिरग जवळ आला आहे. पावसाच्या तोंडावर परसवातल्या कोंबड्यांसाठी घरच्या घरी फीडर, म्हणजे दाणे आपोआप खाली येत राहणारे भांडे, करून ठेवायची लगबग गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे अशा सगळीकडे दिसते. रिकामा पिंप, दोन तुकडे पाइप आणि एक ड्रिल एवढ्यात काम होते, त्यामुळे हौसेने करणारेही खूप आहेत. अडचण एवढीच की यातले बरेच नमुने मुळात इंग्लंडातल्या फेजंटच्या फीडरचे आहेत. ते जसेच्या तसे आपल्या पावसात वापरले की दाणे कुजतात, उंदीर वाढतात आणि पाखरे आजारी पडतात. त्यातच काहीजण तोच पिंप रानाच्या कडेला नेऊन मोर आणि रानकोंबड्यांसाठी बांधू लागले आहेत. म्हणून हे सविस्तर पत्र.

फेजंट हा मोर, रानकोंबडा आणि आपल्या गावठी कोंबडीच्याच कुळातला पक्षी. इंग्लंडात तो शिकारीसाठी वाढवून उन्हाळ्यात मोकळा सोडतात. तिथला शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. तोवर पक्ष्यांनी मालकाच्या हद्दीतच राहावे म्हणून झाडीच्या कडेला तिवईवर पिंप ठेवतात. पिंपाच्या तळाशी गुंडाळलेली स्प्रिंग किंवा अरुंद चीर असते. पक्ष्याने चोच मारली की चार गहू खाली पडतात. राखणदार काही दिवसांनी एकदा भरायला येतो, म्हणून पिंप मोठा. गहू गोल, सुटा, कोरडा आणि हवा थंड, म्हणून तो टिकतो. यातली एकही गोष्ट आपल्याकडे लागू होत नाही. आपण घालतो ती कणी, भात किंवा मक्याचा भरडा. भाताची तुसे खरखरीत आणि टोकदार, त्यामुळे दाणे चिरेत एकमेकांत अडकून राहतात. भरड्यातले पीठ दमट हवेत दाबले जाते आणि आत कमान धरते. वरून पिंप भरलेला दिसतो, खाली परात रिकामी, आणि कोंबड्या उपाशी. स्प्रिंगचा फीडर गोव्यात फक्त अख्ख्या, वाळलेल्या मक्यावर किंवा गव्हावर चालतो, तोही पाऊस नसताना.

आता आकाराचे बोलू. मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम खाते. दिवसभर कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, उकरून किडे, वाळवी, कोवळा पाला खाणाऱ्या गावठी कोंबडीला वरून ५० ग्रॅम पुरतात. वीस लिटरच्या बादलीत १२ किलोच्या आसपास दाणे मावतात. म्हणजे दहा कोंबड्यांना तो साठा बंदिस्त असतील तर बारा दिवस, मोकळ्या असतील तर चोवीस दिवस जाईल. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात झेलणाऱ्या मुलखात उघड्या तोंडाच्या भांड्यातले खाद्य आषाढात चौथ्या दिवशी वास मारू लागते. दाण्यातला ओलावा १४ टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला वाट मोकळी होते.

बुरशी म्हणजे केवळ खराब चव नव्हे. मका, शेंगदाण्याची पेंड आणि आपल्याकडची खोबऱ्याची पेंड यांवर वाढणारी एक पिवळसर-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, त्याचे कारण ब्राझीलहून आलेली बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड निघाले, आणि त्या शोधातूनच हे विष जगाला कळले. टर्कीही याच कुळातली. कोंबडी एका दिवसात मरत नाही. ती वाढत नाही, अंडी कमी करते, पिसे विस्कटलेली राहतात, आणि कापल्यावर काळीज पिवळट, ठिसूळ दिसते. असे खाद्य उन्हात वाळवले तर बुरशी वाळते, विष जात नाही. शिजवूनही जात नाही. गोळा झालेले, कुबट वासाचे खाद्य खड्डा करून पुरावे. गुरांना टाकू नये.

म्हणून दहा-बारा कोंबड्यांसाठी पाच लिटरचा डबा पुरे. लोणच्याचा किंवा आइस्क्रीमचा, सरळ भिंतीचा, घट्ट झाकणाचा डबा मिळतो, तो घ्यावा. कीटकनाशकाचा किंवा रंगाचा कितीही धुतला तरी घेऊ नये. तो साधारण २० ते २२ सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्याखाली ३८ ते ४० सेंटिमीटर व्यासाची, ६ ते ७ सेंटिमीटर काठाची प्लॅस्टिकची परात लागते. डब्याभोवती सगळीकडून ८ ते ९ सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. याहून अरुंद झाली तर कोंबडा मान घालताना तुरा घासून घेतो, रुंद झाली तर कोंबड्या आत उभ्या राहून उकरतात. अशा परातीचा परीघ सव्वा मीटर भरतो. एका कोंबडीला दहा सेंटिमीटर धरले तर बारा जणींना एका वेळी जागा मिळते. हे गणित महत्त्वाचे आहे. जागा कमी पडली की दांडग्या कोंबड्या खातात आणि तलंगा बाजूला उभ्या राहतात.

डब्याच्या बुडाला लागून भिंतीत चार कमानी कापायच्या, प्रत्येक ६ सेंटिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर उंच. कमानीची वरची कड परातीच्या काठापेक्षा निदान ३ सेंटिमीटर खाली असली पाहिजे. फीडरचे सगळे यश या एका मापावर आहे. कड वर गेली की दाणे काठावरून ओसंडतात आणि परात सतत काठोकाठ भरलेली राहते. काठोकाठ भरलेल्या परातीतून कोंबडी चोचीने दाणे बाहेर उडवते, निवडून मका खाते आणि बाकीचे मातीत घालते. परात एक तृतीयांशच भरलेली राहावी. फक्त कणी घालणार असाल तर कमानीऐवजी २५ मिलिमीटरची गोल भोके पुरतात. भरड्याला मात्र रुंद कमानच हवी. कापलेल्या कडा कानसीने किंवा पॉलिश पेपरने गुळगुळीत कराव्यात. तापलेल्या सळईने भोके पाडणाऱ्यांनी तर नक्की, कारण वितळलेल्या प्लॅस्टिकचे टोक ब्लेडसारखे लागते आणि रक्त दिसले की बाकीच्या कोंबड्या त्याच जागी टोचत सुटतात.

डब्याच्या सपाट तळाच्या मध्यभागी नेहमी मूठ-दोन मुठी खाद्य अडकून राहते. तेच आधी कुजते, आणि वरून ताजे घातले की त्यालाही लागते. यावर नारळाची करवंटी हा उत्तम उपाय आहे. शेंडी खरवडलेली, आतून-बाहेरून साफ केलेली अर्धी करवंटी डब्याच्या तळाशी पालथी बसवायची, मधोमध भोक पाडून ६ मिलिमीटरचा बोल्ट करवंटी, डबा आणि परात यांतून आरपार घालायचा, दोन्ही बाजूंना रुंद वॉशर. करवंटीच्या उतारावरून दाणे घसरून कमानीकडे जातात. डबा परातीवर फिरू नये म्हणून कडेला आणखी दोन छोटे बोल्ट मारावेत. परातीच्या तळाला २ मिलिमीटरची सहा-सात भोके पाडली की चुकून आलेले पाणी निथळते. झाल्यावर डबा अर्धा भरून परातीतून मुठीमुठीने दाणे काढून पाहावेत. आपोआप भरत राहिले तर काम झाले. डबा थापटावा लागत असेल तर कमानी आणखी एक सेंटिमीटर रुंद कराव्यात.

४ इंची, म्हणजे ११० मिलिमीटर पाइपचा उभा फीडरही बरेच लोक करतात. खाली वाय जोड, बुडाला टोपी. पाइपच्या एका मीटरमध्ये सहा किलोहून जास्त कणी मावते, भिंतीला लावता येतो, जागा कमी खातो. पण त्यात एक खोड ठरलेली. वायच्या फाट्याखाली टोपीपर्यंत जो खिसा राहतो तिथे कोंबडीची चोच पोचत नाही. तिथले खाद्य पहिल्या पावसातच काळे पडते, त्याला अळ्या होतात. टोपी बसवल्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा फाट्याच्या तोंडाच्या पातळीपर्यंत उताराने भरून घ्यावा, मग खिसाच उरत नाही. दुसरे, फाट्याचे तोंड वर असल्याने तिरका पाऊस सरळ आत जातो. त्यावर पाइपचाच उभा चिरलेला तुकडा १५ सेंटिमीटर पुढे येईल असा छपरासारखा लावावा. भरडा या पाइपात घालूच नये.

बांधायची जागा ठरवताना लोक सावली पाहतात, पाऊस पाहत नाहीत. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो. त्यामुळे घराच्या किंवा गोठ्याच्या पूर्व-ईशान्य अंगाची पडवी सगळ्यात कोरडी. वळचणीच्या अगदी रेषेत मात्र टांगू नये. पागोळ्या खाली आपटून तांबडी माती फूट-दीड फूट वर उडते आणि परात चिखलाने भरते. वळचणीपासून निदान दोन हात आत घ्यावा, खाली चिऱ्याचे दोन थर किंवा जाड खडी घालावी. परातीची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला हवी. गावठी कोंबडीला जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटर येते. गिरिराज, वनराज यांसारख्या थोराड जातींना थोडी वर. टांगताना कडीला न टांगता डब्याच्या वरच्या काठाला तीन ठिकाणी तार बांधून टांगावा, म्हणजे एका बाजूला कलत नाही. वर मोडके घमेले पालथे घातले की कोंबड्या झाकणावर बसून घाण करत नाहीत.

फीडरपासून दोन-तीन मीटरपर्यंत झुडूप नको, मुंगूस तिथेच दबा धरतो. डोक्यावर मात्र छप्पर किंवा फांद्यांचे आच्छादन हवे, शिकऱ्याला झडप घालायला मोकळे आकाश मिळू नये. माडाखाली आणि फणसाखाली का टांगू नये हे सांगायला नको. पाण्याचे भांडे फीडरपासून सात-आठ फूट दूर ठेवावे. जवळ ठेवले की ओल्या चोचीने परातीत कालवण होते. मुंग्या तारेवरून उतरतात, त्यांच्यासाठी तारेत मध्येच बाटलीचा कापलेला तळ ओवून, भोक डांबराने बुजवून, त्यात पाणी भरून ठेवावे.

उंदरांवर बाजारात नाना झाकणे, कोंबडीने पाय दिला की उघडणारी पायदाणाची यंत्रे मिळतात. त्यांच्यापेक्षा साधा उपाय असा की दिवस मावळायच्या आत कोंबड्या खुराड्यात गेल्या की फीडर उतरवून पत्र्याच्या डब्यात बंद करावा. कोंबडी रात्री खात नाही, उंदीर रात्रीच खातो. रात्रभर लटकणारा फीडर म्हणजे उंदरांची खानावळ. उंदरामागे नाग आणि धामण घराकडे येतात, खुराड्याकडे उदमांजर येते, आणि उंदराच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, पसरतो. पावसाळ्यात तो आजार किती घातक आहे हे वेगळे सांगायला नको. खाली सांडलेले दाणेही त्याच वेळी झाडून घ्यावेत. आठवड्यातून एकदा परात आणि डबा नारळाच्या सोडणाने घासून, धुऊन, कडक वाळल्यावरच भरावा. पावसाळ्यात दोन दिवसांपेक्षा जास्त खाद्य कधीच भरू नये, आणि जुने संपल्याशिवाय वर नवे ओतू नये.

पिल्लांना वेगळी सोय लागते, कारण आई शेजारी असली तरी दुसऱ्या कोंबड्या त्यांना परातीजवळ येऊ देत नाहीत. जुने बांबूचे डालगे पालथे घालून त्याच्या खालच्या कडेच्या कामट्या एकाआड एक कापाव्यात, ५ सेंटिमीटरच्या फटी ठेवाव्यात. आत उथळ ताटलीत बारीक कणी. पिल्ले आत-बाहेर करतात, मोठ्यांना शिरता येत नाही. महिन्याभरात पिल्ले वाढली की फटी पुरत नाहीत, तेव्हा डालगे विटांवर थोडे उचलावे.

खाद्यात सुकटाची पूड घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती चांगली आहे, पण खारवलेली सुकी मासळी तशीच दळून घालू नये. मीठ जास्त झाले की कोंबड्या सारखे पाणी पितात, पातळ शिटतात, पिल्ले दगावतात. मासळी दोन पाण्यांत भिजवून, वाळवून, खाद्याच्या विसाव्या भागाइतकीच घ्यावी. तिसऱ्यांची आणि कालवांची शिंपले घरोघरी फेकली जातात. ती धुऊन, उन्हात वाळवून, वाटाण्याएवढी कुटून वेगळ्या वाटीत ठेवावीत. अंड्याचे कवच मजबूत होते. फीडरमध्ये मिसळली तर जड असल्याने तळाशी बसतात आणि कमानी बुजतात. वेगळ्या वाटीतून ज्या कोंबडीला हवे तेवढे ती घेते.

आता रानाचे. करडा रानकोंबडा हा फक्त आपल्या भारतीय द्वीपकल्पातला पक्षी. म्हादई, मोलें, नेत्रावळी, खोतीगावच्या रानांत पहाटे त्याची तुटक बांग ऐकू येते. आपल्या कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग त्याच्याकडून आला, हे २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसले. इतकी जवळची ही सोयरीक, आणि धोकाही तिथेच आहे. परसवातल्या कोंबड्यांचा मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, देवी, जंत हे सगळे एका परातीतून रानातल्या पाखरांना लागू शकते. आपल्या कोंबड्यांना आपण पहिल्या आठवड्यात थेंब आणि आठव्या आठवड्यात टोचून लस देतो. रानकोंबड्याला कोण देणार? २००६ साली महाराष्ट्रात नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून पाळीव आणि रानटी पक्षी एका जागी येऊ देऊ नयेत हे सतत सांगितले जाते. रानाच्या कडेचा फीडर नेमके उलटे करतो.

दुसरे असे की, रोज एकाच जागी, एकाच वेळी येणारा पक्षी फासे लावणाऱ्याला आयता मिळतो. आपण दाणे टाकतो आणि वाट तो पाहतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोराला आणि रानकोंबड्याला संरक्षण आहे, पण पाखरू फाशात अडकल्यावर कायदा मागाहून येतो. दाण्याच्या वासाने रानडुकरे येतात आणि मग त्याच कुळागरात सुरण, केळी उकरतात. उंदीर वाढतात. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचा, म्हणजे गोचिडीतून माणसाला होणाऱ्या तापाचा, त्रास आहे, आणि त्या तापाच्या गोचिडींची बारकी पिल्ले उंदीर आणि जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावर वाढतात. अशा पट्ट्यात घराजवळ रानकोंबड्यांची आणि उंदरांची गर्दी जमवणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण आहे. मोरांच्या बाबतीत तर शेतकऱ्यांची नासाडीची तक्रार जुनी आहे. २०१६ साली मोराला उपद्रवी प्राण्यांत धरावे का, इथवर गोव्यात चर्चा गेली होती. एका घरी दाण्याला सोकावलेला मोर शेजारच्या मिरच्यांवर आणि भाताच्या तरव्यावर उतरतो, आणि शिव्या मोर खातो.

रानकोंबड्याला आपल्या कणीची गरज नाही. तो पाचोळा उकरून वाळवी खातो, बांबूला आणि कारवीला बी आले की तिथे गोळा होतो, घाणेरीची पिकलेली फळे टिपतो. त्याच्यासाठी काही करायचेच असेल तर कुळागराच्या कडेचा पाचोळा जाळू नये, करवंदीची जाळी आणि बांबूचे बेट तोडू नये, कुत्रा रात्री बांधून ठेवावा. आणि मार्च ते मे, ओहोळ आटतात तेव्हा, घरच्या कोंबड्या जिथे पोचत नाहीत अशा जागी मातीचे पसरट भांडे पाणी भरून ठेवावे. पाणी ४ सेंटिमीटरपेक्षा खोल नको, मध्ये एक चिऱ्याचा तुकडा ठेवावा म्हणजे पिल्लू पडले तर बाहेर येईल. रोज ओतून, सोडणाने घासून नवे भरावे, नाहीतर चार दिवसांत त्यात डासांच्या अळ्या होतात. पहिला पाऊस पडला की भांडे पालथे घालून ठेवावे.

आपला,
एक कुक्कुटपालक, सत्तरी